तांदळाच्या दाण्याएवढं

डिचोलीच्या बसस्टँडमागे, शिंप्याच्या दुकानावर
माझी खोली. एक आरसा, एक खुर्ची, तीनवर अडकलेला पंखा.
बायका विचारतात, काय बरं गे? कशाने कमी दुखतं?
जसं काही मी औषध देते.

आधी दोरा सांगते.
एक टोक दातांत धरायचं, म्हणजे मला बोलता येत नाही
आणि गिऱ्हाइकाला ते आवडतं.
वरच्या ओठावर दोरा फिरतो तेव्हा
डोळ्यांतून पाणी येतंच, रडू नसलं तरी.
शाळेतल्या फ्लोरिंदा टीचर त्या पाण्यासोबत
दुसरंही थोडं वाहू देतात.

वस्तरा स्वस्त. पण वस्तरा म्हणजे भातकापणी,
वरून शेत मोकळं, पाय टाकला की धसकटं.
क्रीमला वास येतो, ओहोटीला खाजणात येतो तसा,
आणि लग्नाच्या आदल्या रात्री ते लावून
(कोण ते सांगत नाही)
एकीची मांडी भाजली होती.
हळद पहिली लागली ती तिथेच.

वत्सला वहिनीच्या मुलाने कुवेतहून यंत्र आणलं.
गांधीलमाशी चावत जावी तसं चालतं.
आता कपाटात आहे, चार्जरसकट.
पणजीला लेझर आहे. काळा चष्मा लावतात,
सहा वेळा जायचं, पैसे हप्त्याने,
केस मुळातच मरतात म्हणे.
मेलेलं बरं की उगवणारं बरं, हे मी कोण सांगणार?
माझं पोट उगवणाऱ्यावर आहे.

उरलं मेण. ते मी घरीच करते,
साखर, लिंबू, पाणी; मधाचा रंग आला की उतरवायचं,
मिनिटभर जास्त झालं की चिक्की.
लावायचं केसांच्या कलाने, ओढायचं कलाविरुद्ध.
एवढंच शास्त्र.

कार्तिकात, दार ओढून घेत होते, तर सगुण आला.
वीजखात्यातला, खांबावर चढतो तो सगुण गावस.
मागच्या जिन्याने, चपला हातात.
"जत्रेला तारामती करतोय," म्हणाला,
"मिशी माझी मी काढीन. हातांचं काय?
फोकस मारला की केसांची सावली पडते."
गेल्या वर्षी वस्तरा फिरवला होता;
कोपरापर्यंत पुरळ, आणि तिसऱ्या अंकात
राजाने हात धरला तर राजाच हळूच म्हणाला, टोचतंय.

पहिली पट्टी ओढली तसा आईला हाक मारून उठला.
दोनदा शॉक लागलेला माणूस.
"बायका ओरडत नाहीत?"
नाही, म्हटलं. बोलतात.
"काय बोलतात?"
मी दुसरी ओढली.

मग सांगितलं. थोडं, नावं न घेता.
कुणाची सासू, कुणाचं गर्भाशय,
कुणाचा खाणी बंद पडल्यापासून दारात उभा ट्रक.
तो ऐकत गेला, पंख्याकडे बघत, हात सैल सोडून.
दुसरा हात केव्हा झाला कळलंच नाही.

जत्रेला त्याचा प्रवेश पहाटे तीनला.
मांडीवर रोहिदास, केण्यांचा पोर, खरंच झोपलेला.
त्याने हात वर केले. मी आधी हातच पाहिले,
शिंपी शिवण पाहतो तसे.
डाव्या मनगटाशी एक केस राहिला होता, मला माहीत होतं.
तो रडायला लागला,
आणि मधेच थांबून बोलू लागला,
अगदी खालच्या आवाजात, वर कुठेतरी बघत,
जसा वर पंखा आहे.
नाटकात ते लिहिलेलं होतं का, मला ठाऊक नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारी, ओच्यात खाज्यांची पुडी.
"असले हात बायलांक तरी खंय आसतात गे?"
म्हणाली, आणि स्वतःचे पदराखाली घेतले.
मीही घेतले. मोसमात माझे करायला मला वेळ कुठला.

सोमवारी तो परत आला, खाजवत.
काथ्याने घास, म्हटलं, खोबरेल लाव,
आत रुतलेले सुटतील.
माघात दुसऱ्या गावी प्रयोग आहे, म्हणाला,
मग आताच परत करून टाकू का?
नको. थांब. वाढू दे.
मेणाला धरायला काहीतरी लागतं,
तांदळाच्या दाण्याएवढं तरी.